डाव्या हाताची गाठ

अंजना जोतिबा थोरवत हिच्या हातच्या मोटारी कृष्णाकाठच्या दोनशे विहिरींवर तरी फिरल्या असतील, पण त्यातल्या एकाही विहिरीच्या मालकाला तिचं नाव माहीत नव्हतं. मालक यायचा, तिच्या हातचा चहा प्यायचा, तिला ‘वैनी’ म्हणायचा आणि मोटार तिच्या नवऱ्याच्या नावानं वाखाणत घरी न्यायचा. ताकारीच्या पुढं रस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. पाटीवर लिहिलं होतं, ‘जोतिबा मोटार वायंडिंग वर्क्स’. पाटीवरचं एक अक्षरही खोटं नव्हतं, फक्त वायंडिंग जोतिबा करत नव्हता.

पंपाची मोटार जळली की तिच्या पोटातलं लोखंडी कडं बाहेर काढतात. जळकी तार छिन्नीनं तोडायची, कड्याच्या खाचांतून नवी तांब्याची तार वेढ्यावर वेढा घालत भरायची, मग बाहेर आलेले तारांचे झुबके दोऱ्यानं गाठी मारत आवळायचे आणि वर व्हार्निश पाजायचं. सांगायला चार ओळी लागल्या, करायला दोन दिवस लागतात. तारेला एक ओरखडा गेला तर महिन्याभरात ती मोटार शिव्या घेऊन परत दारात.

जोतिबा फौजेत गाड्यांच्या पलटणीत होता. पेन्शन घेऊन आला, हौसेनं दुकान टाकलं आणि पहिल्याच मोटारीला घाम फुटला. बोटं अशी जाड की तार खाचेत शिरायच्या आधी सोलूनच निघायची. तिसऱ्यांदा तार वाया गेली तेव्हा शेजारी शेंगा फोडत बसलेली अंजना म्हणाली, “आवं द्या हिकडं. रेड्याकडनं सुईत दोरा ववून घेताय व्हय?” त्या दिवशी तिनं कड्याला जो हात घातला तो अठ्ठावीस वर्षं काढला नाही.

तो हात डावा होता, हे सांगायलाच हवं. अंजना जन्माची डावरी. पाटणच्या वर, डोंगरातल्या माहेरी तिच्या आईनं पळी मारून मारून तिचा उजवा हात कामाला लावला होता. भाकरी उजव्यानं, हळदीकुंकू उजव्यानं, देणं उजव्यानं, घेणं उजव्यानं. डाव्या हातानं काही दिलं-घेतलं की लक्ष्मी रुसते म्हणे. लक्ष्मीला दुसरे उद्योग नसावेत. पण दुकानाच्या मागच्या खोलीत बघायला कोणी नव्हतं, आणि तिथं तिचा डावा हात माहेरी आल्यासारखा वागायचा. वेढे तो घालायचा, गाठी तोच मारायचा. तिच्या गाठी सगळ्या वायंडरांच्या गाठींपेक्षा उलट्या, डावीकडं कलत्या पडायच्या आणि वेणीच्या पेडांसारख्या एकाला एक लागून बसायच्या.

खरं सांगायचा जोतिबानं एकदा प्रयत्न केला होता. पहिल्याच वर्षी. गिऱ्हाईक म्हणालं, “बाईमाणसाच्या हातची मोटार? नको बाबा, माझा ऊस वाळंल.” तेव्हापासून जोतिबा पुढं बसला आणि अंजना मागं. तो वाईट माणूस नव्हता. पण खरं बोलायचं एकदा राहून गेलं की ते राहूनच जातं, आणि वरून लोक वाहवा करायला लागले तर मग विचारायलाच नको. “जोतिबाचा हात म्हंजे देवाचा हात,” असं कुणी म्हणालं की तो मिशीला पीळ द्यायचा आणि आत येऊन बायकोकडं बघायचं टाळायचा.

चार वर्षांपूर्वी जोतिबा उभ्या उभ्या गेला. दिवस झाले तेव्हा पंचक्रोशीतले शेतकरी भेटायला आले आणि अंजनाच्या समोर बसून हळहळले, “वैनी, आमच्या मोटारींचा वालीच गेला.” त्यानंतर एक मोटार दुकानात आली नाही. दोघातिघांना तिनं तोंड उघडून सांगितलं, “मी करती की.” त्यांनी “व्हय व्हय, तुमी जिवाला जपा” म्हणत गाडीला किक मारली आणि मोटार सांगलीला नेली. वायंडर जिवंत, हात शाबूत, आणि दुकानाला कुलूप! असला न्याय परमेश्वरानंही केला नसता. तो माणसांनाच सुचतो. अंजना नवऱ्यासाठी रडली ती रडलीच, पण त्या कुलपाकडं बघून जास्त रडली, आणि हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

तर दादा तिच्या घरात आला तो असा.

तिची सून क्रांती. मुलगा जयराज फौजेत, आणि क्रांती इस्लामपूरच्या एका शाळेत चित्रकलेची शिक्षिका. यंदा तिनं कसलीशी परीक्षा द्यायची ठरवलं आणि युरोपातल्या कलेचा इतिहास ती चुलीपुढं मोठ्यानं पाठ करू लागली. सासूला ‘आत्या’ म्हणायची तिकडची रीत, तेव्हा “आत्या, ऐकताय न्हवं?” असं मध्येमध्ये विचारायची. अंजना वांगी चिरत हूं हूं करायची. एकदा क्रांती म्हणाली, “आता दादा चळवळ.”

“कोण दादा? हितला का मुंबैचा?” अंजनानं विचारलं. ज्या जिल्ह्यात प्रत्येक चौकात एका दादाच्या वाढदिवसाचा फलक असतो तिथं हा प्रश्न पडणारच.

क्रांती हसून लोळायची राहिली. मग तिनं सांगितलं, की हे ना माणसाचं नाव ना पक्षाचं. पहिलं महायुद्ध चाललं होतं. स्वित्झर्लंडला झुरिक म्हणून गाव आहे, तिथं लढाईतनं पळून आलेले कवी आणि चित्रकार एका हॉटेलात जमायचे. पुठ्ठ्याचे अंगरखे घालून, ज्याला काही अर्थ नाही अशा कविता म्हणायचे. पेपरातले शब्द कातरून पिशवीत घालायचे, एकेक बाहेर काढायचे आणि जे येईल ती कविता. रद्दी, तिकिटं, तारा चिकटवून चित्रं करायचे. लोक भडकले की यांना आनंद.

“येडीच म्हणायची.”

“त्यांचं म्हणणं असं की शहाण्या माणसांनीच ही लढाई लावली. मग असल्या शहाणपणाची चित्रं आणि कविता आमाला नकोत.”

अंजनाची विळी थांबली. तिच्या माहेरी चावडीच्या भिंतीत एक दगड होता. या गावातून महायुद्धाला एकतीस माणसं गेली, त्यातली सहा मेली, असं त्यावर कोरलेलं. लहानपणी ती त्या दगडावर बोट फिरवायची. एकतीस आणि सहा. नाव मात्र एकाचंही नाही. तिचा एक चुलत पणजोबा त्या सहांत होता म्हणे, पण कोणता ते सांगायला दगड तयार नव्हता.

“बराबर हाय त्यांचं,” ती म्हणाली. “माणसं तिकडं तुकडं हून पडल्याली, आन् ह्यांनी काय फुलदाणी काढत बसायचं? वाच फुडं.”

पुढं मुतारी आली. त्याच विचाराच्या एका गड्यानं अमेरिकेत दुकानातून मुतारीचं चिनी मातीचं भांडं विकत घेतलं, त्यावर एक खोटंच नाव रंगवलं आणि प्रदर्शनाला पाठवून दिलं. प्रदर्शनवाल्यांनी आधीच जाहीर केलेलं, की वर्गणी भरेल त्याचं काहीही मांडू. हे भांडं बघितल्यावर त्यांची बोबडी वळली, आणि ते काही त्यांनी मांडलं नाही. पुढं ते हरवलंसुद्धा. पण आज शंभर वर्षं झाली, जगभरची चित्रकार मंडळी त्याच भांड्यावर भांडताहेत. त्या गड्याचं म्हणणं एवढंच, की मी ही वस्तू निवडली, इथं ठेवली, नाव घातलं. आता तुम्ही तिच्याकडं नव्यानं बघा.

अंजनानं चिरलेली वांगी पाण्यात टाकली, हात पुसले. मग तिनं एक प्रश्न विचारला, आणि तो क्रांतीच्या परीक्षेत यायला हवा होता. “खोटं नाव घातलं तर येवढा कालवा झाला व्हय? मग खरं नाव घातलं आसतं तर?”

दुसऱ्या दिवशी तिनं दुकानाचं कुलूप काढलं.

आत एक जुनं कडं पडून होतं. जळकी तार तिनं तोडून काढली, नवी भरली. चार वर्षांनी हात चालेल की नाही म्हणून धाकधूक होती, पण डावा हात काहीच विसरला नव्हता. शेवटची गाठ मारली, व्हार्निश उन्हात वाळवलं. मधाच्या रंगाची ती तार, तिच्या टोकांवर चढवलेल्या लाल-पिवळ्या-निळ्या नळ्या आणि गोल फिरत गेलेली पांढऱ्या गाठींची ओळ. ते कडं तिनं पाण्याच्या घागरीखाली डोक्यावर घेतात त्या चुंबळीवर ठेवलं. क्रांतीनं पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्यानं बांधली: ‘अंजना जोतिबा थोरवत, वायंडर’. अठ्ठावीस वर्षांत मोटारीवर तिचं नाव पहिल्यांदा लागत होतं. ती चिठ्ठी तिनं तीनदा वाचली.

सांगलीत दर दसऱ्याला एक कलामंडळ प्रदर्शन भरवतं. मोठ्यांची चित्रं, मूर्ती, शाळेच्या पोरांचा वेगळा विभाग. सप्तमीच्या दिवशी सासूसुना टेम्पोत कडं घालून तिथं पोचल्या. मंडळाचे अध्यक्ष तात्या करमरकर, वय पंच्याहत्तर, शुभ्र सदरा. पन्नास वर्षं त्यांनी कृष्णेचा घाट रंगवला, आणि रंगवला तो खरोखर सुंदर. माणूस गोड, पण आपल्या घाटाच्या पायरीवरून खाली उतरायला तयार नाही.

“अर्जात प्रकार लिहिलेला नाही,” ते चष्म्यातून म्हणाले. “चित्र, शिल्प की हस्तकला?”

“वायंडिंग,” अंजना म्हणाली.

क्रांतीनं दादा चळवळ सांगायला घेतली. तात्यांनी हात वर केला. “बाई, मला ती मुतारी माहीत आहे. नुसतं नाव दिलं म्हणून वस्तूची कला होत नाही. आणि यात हात कुठे आहे? चित्रात कलावंताचा हात दिसतो. लांबूनसुद्धा मी सांगेन, हे अमक्याचं, हे तमक्याचं. हा तर मोटारीचा भाग. असा कुठल्याही दुकानात मिळेल.”

क्रांतीनं पिशवीतनं परीक्षेची वही काढली. अंजनानं कड्यावरची चिठ्ठी सोडून पिशवीत टाकली. अठ्ठावीस वर्षं जे ऐकलं तेच हा माणूस सुशिक्षित भाषेत सांगत होता: तुझा हात यात नाही. टेम्पो निघून गेला होता, म्हणून कडं हॉलच्या मागच्या बोळात जनरेटरशेजारी ठेवलं, दसऱ्याला न्यायचं ठरलं आणि दोघी एसटीनं परतल्या. वाटेत अंजना एवढंच म्हणाली, “त्या गड्याचं भांडं तरी हारावलं. माझं बोळात बसलंय.”

दसऱ्याला सकाळी दोघी पुन्हा सांगलीला गेल्या, कडं परत आणायला. हॉलच्या पायऱ्या चढतात तो अंजना जागच्या जागी थबकली.

पोर्चच्या मधोमध रांगोळी घातलेली. पाटांवर हॉलची शिडी, हातोड्या, पाना, माईक, विळा, झाडू ओळीनं मांडलेले. आणि या सगळ्यांच्या मध्ये, सगळ्यात उंच चौरंगावर, चुंबळीसकट तिचं कडं! त्याला झेंडूची माळ, हळदीकुंकू, पुढं नारळ.

शेजारी हॉलचा शिपाई आप्पासो उभा होता. नव्यानंच लागलेला, मिरजेकडचा, शेतकरी गडी. “नमस्कार करा की मावशी,” तो म्हणाला. “काल खंडेनवमी न्हवती का? हॉलमधली झाडून सारी हत्यारं पुजली. ही मोटार तर बोळात धूळ खात पडलीती. येवढं दागिन्यावानी वायंडिंग, म्हणलं हिला मधीच बसवायची.”

“आवं, ही हॉलची न्हवं,” क्रांती म्हणाली.

“न्हवं?” आप्पासोचं तोंड उतरलं. “तरीच काल अध्यक्ष सायेब वरडलं. म्हणालं, उचल हे. मी म्हणलं सायेब, पूजा झाल्याली हाय. संध्याकाळी सीमोल्लंघन झाल्याबिगर हत्याराला हात लावायचा न्हाई. मग काय, त्येंनीच वाकून नमस्कार केला आन् गेलं.”

अंजनाला हसू आवरेना. समितीनं नाकारलेली वस्तू शिपायानं दारात मांडली होती, आणि ती हलवायची छाती आता कुणाला नव्हती. खुद्द तिलाही नाही. पूजेतलं हत्यार कोण उचलणार? प्रदर्शनाला येणारा प्रत्येक माणूस घाटाच्या चित्राआधी तिच्या गाठी बघून आत जाणार होता.

दहाला गर्दी झाली. लोक चपला काढत होते, कड्यासमोर थांबत होते. तात्या आपट्याची पानं वाटत पोर्चमध्ये आले. अंजनासमोर येऊन जरा अवघडले, पण सणाचा दिवस, म्हणून पान पुढं केलं. “सोनं घ्या, बाई.”

अंजनानं उजव्या हातानं पान घेतलं, उलटंसुलटं केलं आणि सप्तमीला बोलायचं राहिलेलं आता बोलली. “तात्या, हे तर पान हाय.”

“म्हणजे?”

“झाडाचं पान. तुमी नाव दिलं सोनं, मी हात जोडून घेतलं. साऱ्या म्हाराष्ट्रात आज हेच चाललंय, कुणी सराफाकडं घासून बगत न्हाई. आन् मी माझ्या वायंडिंगला नाव दिलं तर तुमी म्हणता, नाव दिल्यानं काय हुतंय?”

आजूबाजूचे लोक हसले. तात्याही ओठातल्या ओठात हसले, पण वकिलासारखे अडून राहिले. “पान मान्य. हाताचं काय? यात हात दाखवा.”

तेवढ्यात गर्दीतून एक पागोटेवाला म्हातारा पुढं आला. अर्जुना, शेजारच्या गावचा बागायतदार, नातीचं चित्र शाळेच्या विभागात लागलं म्हणून आलेला. तो कड्यापुढं बसला, डोळे बारीक केले आणि गाठींवरून बोट फिरवत गेला. “आरं तिच्या मायला,” तो म्हणाला, “हा हात मी वळखतो! माझ्या थोरल्या हिरीवरची मोटार. वीस वर्सं झाली, आजून कुरकुर न्हाई. झाकण लावायच्या आदी जोतिबानं दावलीती, ही गाठ बगा, डावीकडं पडल्याली. आशी गाठ सांगलीत न्हाई, कराडात न्हाई, कुठं न्हाई. हे आमच्या जोतिबाचं काम. पर तार तर नवीकोरी दिसतीया...” तो गोंधळून वर बघू लागला. मेलेल्या माणसानं नवी तार कशी भरली, हे त्याला सुटेना.

आता बोलली नसती तर अंजना कधीच बोलली नसती.

“आण्णा, त्यो हात जोतिबाचा न्हवं,” ती म्हणाली. “माझा हाय. पयल्यापास्नं माझाच हुता.”

अर्जुनाचं बोट गाठीवरच राहिलं. अंजना खाली बसली, झेंडूच्या माळेचं लोंबतं सूत तिनं डाव्या हातानं धरलं, आणि साऱ्या सांगलीच्या देखत गाठ मारली. मग दुसरी. मग तिसरी. सूत बोटांतून सरसर फिरलं आणि तिन्ही गाठी डावीकडं कलून, एकमेकींना चिकटून बसल्या. अर्जुनानं सुतावरची गाठ बघितली, कड्यावरची बघितली, परत सुतावरची बघितली.

“वैनी,” तो म्हणाला. “चार वर्सं आमी मोटारी घिऊन सांगलीला हेलपाटं घालतोय. काखंत कळसा आन् गावाला वळसा! तुमच्या हातचा च्या पिऊन त्याला शाबासकी दिली की वो आमी.”

“व्हय,” अंजना म्हणाली. “साखर बी माझीच हुती.”

आता मात्र हशा पिकला, आणि त्यात तात्यांचा आवाज सगळ्यात मोठा होता. घाटाच्या पायरीवरून ते पहिल्यांदाच खाली उतरले, तेही दुखऱ्या गुडघ्यांनी. कड्यापुढं बसून त्यांनी चष्मा पुसला आणि त्या गाठी अशा निरखल्या की जणू कुण्या जुन्या उस्तादाचं चित्र पुढं आहे. “लांबूनसुद्धा सांगेन, अमक्याचं की तमक्याचं,” ते स्वतःशीच पुटपुटले. “आणि मला सांगता आलं नाही. यांना आलं.” मग खिशातून पेन काढलं, प्रदर्शनाची छापील यादी मांडीवर घेतली, आणि घाटाच्या चित्रांच्या वर, कोऱ्या जागेत, स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं: अंजना जोतिबा थोरवत. प्रकार लिहायच्या जागी जरा थांबले, अंजनाकडं बघितलं आणि लिहिलं, वायंडिंग.

क्रांतीला आनंदानं रडू फुटलं. “आत्या, शंभर वर्सांमागं जे मुतारीला जमलं न्हाई ते तुमी पयल्याच फेरीत जमवलं!”

“त्यानं भांडं नुसतं उचललं गं,” अंजना म्हणाली. “मी वेढं घातल्यात. पर गडी खरा हुता. भेटला आसता तर च्या पाजला आसता.”

अर्जुनानं पागोटं सावरलं. परवाच त्याची धाकट्या विहिरीवरची मोटार जळली होती. ती उद्या सकाळी दुकानात आणून टाकतो म्हणाला, आणि येताना रंगारीही घेऊन येतो म्हणाला, पाटीसाठी. मग त्यानं सदऱ्याच्या खिशातून आपट्याचं पान काढलं, दोन्ही हातांवर ठेवून पुढं धरलं आणि तात्यांनी यादीत लिहिलेलं नाव वाचून इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला नावानं हाक मारली.

“अंजनाबाई, सोनं घ्या.”

तिचा उजवा हात सवयीनं पुढं निघाला होता. तो तिनं मागं घेतला. पायऱ्यांवर म्हाताऱ्या बायका होत्या, सणाचा दिवस होता, समोर पूजा मांडलेली होती. अंजनानं डावा हात पुढं केला आणि सोनं घेतलं.